अर्चनाचा कॅमेरा आणि सासूबाईंची तिफण

अर्चना गजभियेने आभाळाचा पहिला फोटो काढला तो ठार काळा आला. सौंसरच्या आपल्या घराच्या गच्चीवर, थंडीत शाल गुंडाळून, तीस सेकंद श्वाससुद्धा जपून घेत ती उभी राहिली होती. दुसरा काढला, तोही काळा. तिसरा काळा आला तेव्हा दोरीवरची आपली पँट काढायला वर आलेला तिचा नवरा संदीप म्हणाला, "त्याच्या तोंडावरचं झाकण तं काढ ना."

कॅमेरा तेवीस सालच्या दिवाळीत घरात आला होता. अर्चनाचा मामेभाऊ विनोद पांढुर्ण्याला लग्नाचे फोटो काढतो. भाऊबीजेला आला तेव्हा पिशवीतून त्याने हा जुना डबा काढून तिच्यापुढे ठेवला. "ताई, याचा फ्लॅश मेला हाय. लग्नात चालत नाई. तुले फुलं-पाखरं काढाले होईल." त्याच आठवड्यात अर्चनाच्या वाचनात आलं की चांदण्यांच्या फोटोला फ्लॅश लागतच नाही. झालं. फुलं-पाखरं बाजूला राहिली.

तशी ती उंडारणारी बाई नव्हे. वय एक्केचाळीस, सरकारी दवाखान्यात लॅब टेक्निशियन. सकाळी नऊपासून रक्ताच्या काचपट्ट्या सूक्ष्मदर्शकाखाली धरायच्या आणि मलेरिया आहे की नाही ते सांगायचं, हे काम ती सोळा वर्षं करत होती. लेक अश्विनी शिकायला नागपूरला गेली आणि संध्याकाळी घर एकदम मोठं वाटायला लागलं. संदीप जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्यांच्या वजनकाट्यावर बसायचा. हंगामात इतका थकून यायचा की नऊ वाजता जेवणाच्या ताटावरच पेंगायचा. राहिल्या यमुनाबाई, संदीपची आई. सत्तरीला आलेल्या, गुडघे दुखणारे, आणि झोप? ती त्यांना जन्मात कधी धड लागली नव्हती.

झाकण काढल्यावर फोटो आले, पण पांढरे. गच्चीसमोरच खांबावर दिवा होता आणि नगरपालिकेने तो नुकताच बदलून झगझगीत केला होता. "वावरात जा," विनोदने फोनवर सांगितलं. "मोहगावच्या पुढं तुमचं वावर हाय ना? तितं अंधार मायंदाळ."

वावर होतं. अडीच एकर; अर्ध्यात संत्र्याची झाडं, अर्ध्यात कापूस. पण बाईमाणसाने रात्री एकटीने तिथे जायचं कसं? अर्चनाने संदीपकडे पाहिलं. संदीपने ताटाकडे पाहिलं.

"मी जातो तुह्यासंग," पलंगावरून यमुनाबाई बोलल्या. "इतंबी जागीच, तितंबी जागीच."

अशी ती जोडी जमली. शनिवारी संध्याकाळी स्कूटी निघायची. पुढे अर्चना, मागे यमुनाबाई, त्यांच्या मांडीवर काळ्या कापडात गुंडाळलेला तीन पायांचा स्टँड आडवा. मोहगावच्या चौकात चहावाला एकदा ओरडला, "काकू, बंदूक घेऊन कोणावर चालल्या?" यमुनाबाईंनी मागे वळून सांगितलं, "सून सोबत हाय, दुसरा दुश्मन कायले शोधू?" अर्चना हसता हसता खड्ड्यात गेली. स्टँड वाचला, आरसा फुटला.

वावरात बाज होतीच. यमुनाबाई तिच्यावर घोंगडी पांघरून आडव्या व्हायच्या आणि अर्चना कॅमेऱ्याशी झटापट करायची. तिच्या फोनमध्ये ताऱ्यांची नावं सांगणारं ॲप होतं. फोन वर धरला की त्यात रेषा उमटायच्या.

"मृग नक्षत्र कुठून निघतं ते पाहते, आई," ती पहिल्याच रात्री म्हणाली.

"मृग म्हणजे तिफण ना वं? ते तीन, एका रांगेतले? विहिरीच्या उजव्या अंगानं निघते. आता निघालीच असन."

अर्चनाने फोन विहिरीकडे धरला. तिफण निघाली होती. पेरणीच्या अवजाराला जसे तीन दाते, तशा तीन चांदण्या.

मग हळूहळू एकेक निघत गेलं. यमुनाबाई पस्तीस वर्षं दुसऱ्यांच्या बगिच्यांत ओलितावर होत्या. मोटारीची लाईन रात्री यायची, म्हणून पाणी रात्री द्यायचं. एका वाफ्यातून दुसऱ्यात पाणी वळवायचं आणि वेळ पाहायचा तो वरच. हाताला घड्याळ नव्हतं. तिफण डोक्यावर आली की दुसरी पाळी. म्हातारीचं खाटलं, म्हणजे सप्तर्षी; ते उभं झालं की मोटार बंद. खाटल्यामागे तीन चोर लागलेले, ते कधी म्हातारीला गाठत नाहीत. आणि त्यांच्या मायच्या गावात आकाशगंगेला ढोरवाट म्हणत. वरची ढोरं त्या वाटेने चरायला जातात, त्यांच्या खुरांची धूळ उडते ती ही. अर्चनाला ॲपपेक्षा हे बरं पडू लागलं. ॲपला बॅटरी लागायची, यमुनाबाईंना एक कप चहा पुरायचा.

कॅमेऱ्यातलं यमुनाबाईंना काही कळत नव्हतं, पण अडचण सांगितली की त्या तोड काढत. डिसेंबरात काचेवर दव बसून सगळे फोटो धुरकट येऊ लागले. "गरम ठेवा म्हणतात," अर्चना म्हणाली, "त्याचा विजेचा पट्टा मिळतो." पुढच्या शनिवारी यमुनाबाईंनी संदीपच्या जुन्या मोज्यात तव्यावर तापवलेली वाळू भरून आणली आणि कॅमेऱ्याच्या नळीभोवती गुंडाळायला सांगितली. दोन तास दव फिरकलं नाही. त्याच रात्री चांदण्यात फुटलेल्या कापसाचा फोटो आला. अख्खं वावर दुधाळ आणि त्यावर तिफण तिरपी उभी. अर्चनाने तो अश्विनीला पाठवला. अश्विनीने विचारलं, "आई, हे बर्फाचं कुठलं आहे?"

आता अर्चनाला एकच हाव सुटली होती. ढोरवाटेचा सगळ्यात दाट भाग, जो पावसाळ्याआधी दिसतो, तो पकडायचा. अडचण अशी की तो दक्षिणेकडे उगवतो, आणि वावराच्या दक्षिणेला आभाळाच्या बुडाशी नागपूरचा उजेड पिवळा होऊन बसलेला असतो. "फेब्रुवारीत पहाटे तो आग्नेयेला निघतो," ती हिशेब मांडून म्हणाली. "तिकडे नागपूर आडवं येत नाही. पण अमावस्या पाहिजे."

"मग अमावस्येले जाऊ," यमुनाबाई म्हणाल्या. "आपल्याले कोन्ता विटाळ हाय अमावस्येचा?"

गेल्या. संत्र्यांवर आंब्या बहार, थंडी सरतानाचा फुलोरा, आला होता. संत्र्याच्या फुलांचा वास असा की घशात गोड लागावा. पहाटेचे साडेचार. डोळे अंधाराला सरावलेले राहावेत म्हणून अर्चना कपाळाला लाल दिवा बांधायची, तसा बांधला होता. यमुनाबाई घोंगडीत गडप. झाडांच्या शेंड्यांवर ढोरवाट सरळ उभी होती, धुरासारखी, आणि अर्चनाने नुकतंच बटण दाबलं होतं.

तेवढ्यात बांधावरून आवाज आला. "कोण हाय तितं? हलू नका!"

पाच-सहा टॉर्च एकदम तिच्या तोंडावर पडल्या. गावातली माणसं होती, हातात काठ्या, पुढे कोटवार भिवाजी; गावची राखण आणि दवंडी त्याच्याकडे. झालं असं होतं की महिनाभर गावात बातमी फिरत होती, कोणीतरी गुप्तधन खोदायला येतं म्हणून. त्यात अमावस्या, त्यात वावरात हलणारा लाल दिवा, त्यात तीन पायांवर उभं काहीतरी काळं. काय समजायचं कोणी?

"भाऊ, मी फोटो काढून राहिली," अर्चना म्हणाली. तिला स्वतःलाच ते खोटं वाटलं.

"अंधाराचा फोटो?" भिवाजी म्हणाला. "आमाले काय येडे समजते का?"

तेव्हा बाजेवरची घोंगडी हलली आणि उठून बसली. दोघं जण सरळ मागे पळाले. एकाची टॉर्च नालीत पडली.

"भिवाजी हाय का रे तो?" घोंगडीतून यमुनाबाई बोलल्या. "आवाजावरूनच वयखला. तुह्या लग्नात तीन रात्री म्या पोळ्या लाटल्या, अन् आज मलेच काठी दाखवून राह्यला?"

"काकू!" भिवाजीची काठी खाली आली. "तुमी काय करून राह्यल्या इतं?"

"धन खोदून राह्यली. वर. पाय तिकडं."

सगळ्यांनी वर पाहिलं. टॉर्च विझवल्या. पळालेले दोघेही हळूच परत आले. मग एक जण म्हणाला, "एवढं रोज असते का हे?" अर्चना म्हणाली, "रोज असते, दादा. आपण झोपलेले असतो."

तिचा फोटो तर उजेडाने वाया गेला होता, आणि पूर्वेला फटफटायला अर्धा तास उरला होता. रागावण्याऐवजी तिला भलतंच सुचलं. तिने त्या सहा जणांना झाडांच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात उभं केलं, काठ्यांसकट. "वीस सेकंद हलायचं नाही. पापणी हलली तर चालेल, मान हलवू नका." सहाच्या सहा असे ताठले जणू झेंड्याला सलामी देत आहेत. सोळाव्या सेकंदाला एकाला शिंक आली. ती त्याने कशी गिळली ते त्यालाच ठाऊक.

फोटोत चेहरे नाहीत. सहा काळ्या आकृत्या, सहा काठ्या, दोन फेटे, दोन्हीकडे संत्र्याची झाडं आणि डोक्यावर ढोरवाट. आठ दिवसांत तो मोहगावातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये होता. चहाच्या टपरीवर भिवाजी बोट ठेवून दाखवायचा, "हा मी." दुसरा म्हणायचा, "तो तू कसा? पोटाकडं पाय ना, तो मी." ज्याने शिंक गिळली होती तो मात्र ओळखू यायचा, त्याची काठी किंचित हललेली होती.

त्यानंतर रात्री वावरात जायची भीती राहिली नाही. उलट भिवाजी स्वतः येऊन विचारून जायचा, आज काय निघणार आहे म्हणून.

मार्चमध्ये एका रात्री मात्र अर्चनाला वेगळंच काही कळलं. तिफण आता पश्चिमेला कलली होती आणि ती मावळताना, डोंगराच्या काठावर टेकलेली, अशी तिला हवी होती. ती कॅमेरा लावत होती. यमुनाबाई बाजेवर बसून हात वर करून सांगत होत्या, "ते पाय, तिफण कशी झुकली. तिच्या डाव्या अंगाले कुत्र्याची चांदणी, निऱ्या उजेडाची. आज साफ दिसून राह्यली, नाई?"

अर्चनाने वर पाहिलं. पश्चिमेला ढग चढून आले होते, गारपिटीच्या दिवसांतले, जड. तिफणीची एकही चांदणी दिसत नव्हती. कुत्र्याची चांदणी, म्हणजे व्याध, तोही नाही. त्या बाजूला आभाळ नुसतं बुजलेलं होतं आणि यमुनाबाईंचा हात बरोबर जिथे तिफण असायला हवी होती तिथे होता.

अर्चनाने कॅमेरा स्टँडवरून काढून घेतला. सामान आवरलं, वारा सुटला म्हणाली, आणि घरी आली. त्या रात्री तिला झोप लागली नाही. चार महिने या बाईने आपल्याला आभाळ दाखवलं. ते पाहून दाखवलं, की नुसतं आठवून?

सकाळी चहा देताना तिने पाच बोटं दूर धरली. "आई, किती?"

यमुनाबाईंनी कप खाली ठेवला. "कळलं का तुले?"

"कधीपासून आहे हे?"

"चार सालं झाले असन. अगुदर धुरकट होतं. आता तं मले चांद तेवढा दिसते, अन् तोबी दोन-दोन." त्या हसल्या, पण हसू पुरतं फुटलं नाही.

"मग वावरात काहून येत होत्या? थंडीत, गुडघे दुखत असताना?"

"त्यांच्या जागा तं ठाव्या हायेत ना मले. पस्तीस साल पाह्यल्या. तू म्हणे, दिसली आई, दिसली, तं मले वाटे दिसलीच." मग थांबून म्हणाल्या, "अन् घरात कोण बोलते माह्यासंग, अर्चना? संदीप येते अन् झोपते."

अर्चनाला रडू आलं आणि रागही आला, राग स्वतःचा. सोळा वर्षं काचेखाली केसाएवढा जंतू हुडकणारी बाई, आणि घरातल्या माणसाच्या डोळ्यांत चांगला मोठा मोतीबिंदू पिकला तो दिसला नाही! "मले सांगायचं ना," ती म्हणाली. यमुनाबाई म्हणाल्या, "डोळ्याले चाकू लावतात म्हणे." भीती एवढीच होती. चार वर्षं.

चाकूची भीती घालवायला संदीप बसला. हा माणूस एरवी आईशी दोन वाक्यंही बोलत नसे, पण त्या रविवारी त्याने दुपारची झोप सोडली आणि जिनिंगमधल्या कोणाकोणाच्या आई-बापांची ऑपरेशनं झाली ते नावानिशी सांगितलं. "यशवंतरावची माय तं दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडाले बसली." यमुनाबाईंनी ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "तू संग येशीन का?" संदीप म्हणाला, "येईन ना. सुट्टी घेतो."

एप्रिलमध्ये नागपूरला उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. संदीप दोन दिवस दवाखान्याच्या बाकावर बसून राहिला. जागा राहिला, हे विशेष. पट्टी काढली तेव्हा यमुनाबाईंनी आधी अश्विनीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "वाळली वं पोरगी." मग संदीपकडे पाहून म्हणाल्या, "अन् हा पिकला."

डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितली होती. महिनाभर यमुनाबाई काळा चष्मा लावून घरात फिरल्या आणि रोज विचारत राहिल्या, "झाला का महिना?" जूनच्या अमावस्येला पावसाआधीची उमस होती, पण आभाळ मोकळं होतं. या वेळी संदीपही आला, मोटरसायकलवर, पाण्याचा कॅन घेऊन.

अर्चनाने कॅमेरा पिशवीतून काढलाच नाही. दिवे बंद केले. यमुनाबाईंना बाजेवर बसवलं आणि चष्मा काढून घेतला.

त्यांनी वर पाहिलं. डावा डोळा हाताने झाकला. ढोरवाट दक्षिणेकडून वर चढत होती, विंचवाची नांगी तिच्यात बुडालेली. बोट काही वर उठलं नाही. अर्चनाला वाटलं, काही बिनसलं की काय.

"एवढ्या कुठून आल्या वं?" यमुनाबाई म्हणाल्या. "माह्या वक्ती एवढ्या नव्हत्या."

"तेवढ्याच आहेत, आई."

"नाई, नाई. तुमी वाढवल्या असन." आणि मग त्यांनी बोट उचललं. या वेळी बोट भरभर, घाईने, इकडून तिकडे जात होतं. हा विंचू. हे खाटलं. हे चोर, अजून मागेच लागले मेले. एका ठिकाणी बोट थांबलं. "ही कोन्ती? ही मले ठावी नाई."

अर्चनाने पाहिलं. ती चांदणी सरकत होती. "उपग्रह आहे, आई. माणसानं वर सोडलेला."

"पाय बाप्पा! तितंबी गर्दी केली."

संदीप गवतावर पसरला होता. तो म्हणाला, "आई, लहानपणी तू मले घेऊन येत होती ओलितावर, तवा मले बांधावर निजवे. म्या हे पाह्यलंच नाई कधी." "कसं पाहशीन?" यमुनाबाई म्हणाल्या. "तू तं तवाबी पडल्या पडल्या झोपे." हे बोलून होईस्तोवर गवतातून घोरणं ऐकू आलं.

फोटो मग काढला. बाजेवर बसलेली म्हातारी, एक डोळा झाकलेला. वीस सेकंद हलू नका म्हटलं तर त्या चाळीस सेकंद हलल्या नाहीत. अर्चनाने मागाहून कितीतरी चांगले फोटो काढले, लोधीखेड्याच्या बाजूने, सातपुड्याच्या घाटातून. पण दवाखान्यात तिच्या टेबलाच्या काचेखाली हाच असतो. रक्त द्यायला आलेली माणसं सुईकडे न पाहता त्याच्याकडे पाहतात.

डावा डोळा? "एकानं एवढं दिसते, दोघानं तं डोकं फिरन," असं म्हणत यमुनाबाईंनी दोन महिने काढले. ऑगस्टमध्ये संदीपलाच त्यांनी सांगितलं, "सुट्टी घे."

चोवीसच्या ऑक्टोबरात धूमकेतू आला. संध्याकाळी पश्चिमेला दिसणार, असं अर्चनाने भिवाजीला सांगितलं, आणि भिवाजी कोटवार असल्याने त्याने ते सगळ्या गावाला सांगितलं. पौर्णिमा सरेपर्यंत चांदण्याने आणि ढगांनी काही दिसू दिलं नाही. मग एका संध्याकाळी आभाळ धुतल्यासारखं झालं आणि वावरात साठ-सत्तर माणसं जमली. बाया लेकरांना कडेवर घेऊन, म्हातारे बंडीत बसून. दोघी-तिघी कुजबुजत होत्या, शेपटीवाला तारा वाईट म्हणून. यमुनाबाईंनी ऐकलं.

"वाईट काय त्याच्यात?" त्या बाजेवरून म्हणाल्या. "हजारो सालानं येऊन राह्यला बिचारा. पाहुणा हाय. पाहून घ्या, मग जाईन."

डोळ्यांना तो फिकट पुसट दिसत होता, खडूने ओढून बोटाने पुसल्यासारखा. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मात्र शेपटी लांबलचक. रांग लागली. प्रत्येकाला आधी पडद्यावर, मग वर, मग पुन्हा पडद्यावर पाहायचं होतं. चंद्र उगवायला तास होता आणि तो तास अर्चनाचा रांग सांभाळण्यात गेला. तिने मनात जुळवलेला फोटो, विहीर, कापूस आणि वर धूमकेतू, त्या दिवशी काही निघाला नाही. दुसऱ्या दिवशी मोहगावच्या दुसऱ्या आळीतले लोक आले. तिसऱ्या दिवशी शाळेचे गुरुजी अख्खा वर्ग घेऊन आले. चौथ्या दिवशी भिवाजीने लोकांना बांधावरच थोपवून धरलं आणि म्हणाला, "बाईले तिचं काम करू द्या." तेव्हा कुठे तिचा फोटो झाला.

सातव्या दिवशी ढग आले. अर्चनाने कॅमेरा कपाटात ठेवला, संदीपच्याही आधी जेवून घेतलं, आणि आठ वाजता जी झोपली ती सकाळी यमुनाबाईंनी चहाला हाक मारली तेव्हाच उठली.